पोटाची बाही

नमस्कार श्रोतेहो. वजन कमी करण्याच्या ऑपरेशनचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: ‘म्हणजे पोटावरची चरबी काढतात ना?’ नाही हो. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत चरबीला कुणी हात लावत नाही. कापतात ते जठर.

स्लीव्ह म्हणजे बाही. तोंडावाटे जठरात एक जाडसर नळी सोडतात आणि पोटाला छोटी छिद्रं पाडून, दुर्बिणीतून बघत, त्या नळीच्या कडेकडेने स्टेपलर चालवतात. तो एकाच दाबात कापतो आणि दोन्ही कडा शिवतोही. पिशवीसारखं फुगणारं जठर केळ्याएवढं अरुंद उरतं. ७५ ते ८० टक्के भाग बाहेर येतो, आणि तो काही परत बसवता येत नाही.

जागा कमी म्हणून माणूस कमी खातो, हे अर्धंच खरं. जठराच्या वरच्या फुगीर भागात घ्रेलिन नावाचं संप्रेरक तयार होतं. मेंदूला ‘भूक लागली’ हा निरोप तेच धाडतं. नेमका तोच भाग जातो. मग जेवणाची वेळ टळली तरी पोट आठवण करून देत नाही. आयुष्यभर ‘जरा तोंडाला आवर घाल’ ऐकलेल्या माणसाला ही शांतता केवढी नवी! भुकेत रसायनाचा वाटा किती, हे मला तरी या ऑपरेशनइतकं कशानेच पटलं नाही.

गंमत म्हणजे हा मुळात आतडी वळवण्याच्या एका मोठ्या शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा. अतिलठ्ठ रुग्णांना सगळं एकदम झेपेना, म्हणून तेवढाच आधी उरकू लागले. कित्येकांचं वजन त्यातच इतकं उतरलं की दुसरा टप्पा राहूनच गेला.

आता पथ्याचं. सुरुवातीला फक्त पातळ आहार. पुढेही जेवण आणि पाणी यांत अर्ध्या तासाचं अंतर. बी-१२, लोह यांच्या तपासण्या कायमच्या. काही महिन्यांनी केस गळतात, बहुधा परत येतात. शिवलेली कड क्वचित गळते. ताप आला, नाडी धावू लागली, तर तडक दवाखाना गाठायचा. भूकही काळाने थोडी परतते, तोवर सवयी बसवून घ्यायच्या.

आणि छातीत जळजळ होण्याचा त्रास आधीपासून असेल, तर सर्जनना पहिल्याच भेटीत सांगा. स्लीव्हनंतर तो वाढू शकतो. अशा वेळी ते गॅस्ट्रिक बायपासचा विचार करतात. हा बायपास हृदयाचा नव्हे; यात जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात.