फाफचे हात

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय ते बेल्जियमचा फुटबॉल गोलरक्षक झाँ-मारी फाफ याच्याविषयी. आणि सुरुवात करणार आहे त्याच्या सगळ्यात वाईट दिवसापासून.

२१ ऑगस्ट १९८२. जर्मनीतलं ब्रेमेनचं मैदान. बायर्न म्युनिक या जर्मन क्लबकडून फाफचा पहिलाच लीग सामना. ज्या गोलमध्ये एके काळी बायर्नचा नामवंत गोलरक्षक सेप मायर उभा राहायचा, तिथं आता हा. वेर्डर ब्रेमेनच्या उवे राइंडर्सनं लांबलचक थ्रो-इन टाकला, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू हातानं आत फेकला. फाफनं उडी घेतली, चेंडू बोटांना निसटता लागला आणि जाळ्यात गेला. थ्रो-इन कुणालाही न लागता गोलमध्ये गेला, तर गोल धरत नाहीत. फाफनं हात लावला नसता, तर तो गोल झालाच नसता! बायर्न ०-१ असं हरलं.

असा गोल खाल्लेला माणूस पुन्हा उभा कसा राहतो, हे मला नेहमी पाहावंसं वाटतं. फाफ काही नवखा नव्हता. बेव्हरेनसारख्या छोट्या गावच्या संघाला त्यानं १९७९ मध्ये बेल्जियमची लीग जिंकून दिली होती. ब्रेमेनच्या दोनच महिने आधी बार्सिलोनात विश्वचषकाच्या सलामीला जगज्जेत्या अर्जेंटिनाला बेल्जियमनं १-० हरवलं, तेव्हा मॅराडोनासमोर गोलमध्ये फाफच होता. म्युनिकमध्येही तो टिकला. १९८५, ८६, ८७ अशी सलग तीन लीग विजेतेपदं बायर्ननं मिळवली.

पण मला सांगायचाय तो २२ जून १९८६ चा दिवस. मेक्सिकोतलं पुएब्ला, विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, समोर स्पेन. सामना संपायला पाच मिनिटं असताना स्पेननं बरोबरी साधली. जादा वेळही संपला, पेनल्टी फटक्यांचा टायब्रेकर आला. स्पेनच्या एलॉयचा फटका फाफनं अडवला. बेल्जियमचा एकही फटका चुकला नाही. लिओ व्हॅन डर एल्स्टनं शेवटची पेनल्टी मारली आणि बेल्जियम पहिल्यांदाच विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत पोचलं.

त्याच दिवशी मेक्सिको सिटीत मॅराडोनानं हातानं गोल केला. त्या हाताची चर्चा आजही चालते. पुएब्लातले फाफचे हात मात्र फारसे कुणाला आठवत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तीन दिवसांनी उपांत्य सामन्यात तोच मॅराडोना फाफसमोर आला. या वेळी त्यानं दोन गोल केले.