जिम क्रेटन: गुपचूप पगारावरचा पिचर

ब्रुकलिनची ग्रीन-वूड दफनभूमी. या दगडी खांबावर काय काय कोरलंय बघा. एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या बॅटी, टोपी, बेसबॉलमध्ये धावताना गाठायचा बेस, धावांची वही. शेंड्यावरचा बॉल मात्र नवा आहे, जुना केव्हाच गायब झाला होता. खाली जेम्स क्रेटन. जन्म 1841, मृत्यू 1862.

आता हा त्याचा फोटो. बॉल टाकण्याच्या पवित्र्यात उभा आहे. त्या काळी बेसबॉलमध्ये पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्याला, कोण विचारतंय! 45 फुटांवरून, हात खाली ठेवून, समोरच्याला मारता येईल असा बॉल द्यायचा. गल्लीत धाकट्या भावाला देतो तसा. कोपर ताठ, मनगटही ताठ.

जुन्या नियमांनी खेळणाऱ्या या हौशी मंडळींकडे बघा. पुन्हा एकदा, सावकाश. हात मांडीजवळून पुढे येतो आणि बॉल सुटता सुटता मनगटाला बारीकसा झटका. क्रेटनची करामत इथेच होती, असं मानतात. नियमात बसत नव्हतं, पण अंपायरच्या नजरेला पडलं तर ना! बॉल खालून वर चढत, फिरत, वेगात यायचा. मध्येच एखादा अगदी संथ. तोवर बॅट फिरूनही गेलेली. आणि मागे बॉल झेलणारा कॅचर, उघड्या हातांनी.

1860 मध्ये तो स्टार क्लब सोडून ब्रुकलिनच्याच एक्सेलसियर क्लबात आला. पैसे घेऊन खेळायला बंदी होती. तरी क्लब त्याला आतून पैसे देत होता, असं इतिहासकार मानतात. म्हणूनच पहिला व्यावसायिक खेळाडू हा मान बहुतेक जण त्यालाच देतात. यात लपवण्यासारखं काय होतं, आम्हाला कळत नाही. सामने त्याच्या हातावर जिंकायचे, तर त्या हाताचं मोल नको द्यायला?

14 ऑक्टोबर 1862, मॉरिसेनियाच्या युनियन क्लबशी सामना. पोटात आतून इजा झाली, 18 तारखेला तो गेला. होमरन, म्हणजे एका फटक्यात सगळे बेस पार करणारी धाव, मारतानाच काहीतरी तुटलं, ही कथा पुढे रंगत गेली. एक्सेलसियरच्या अध्यक्षांनी खापर फोडलं ते क्रिकेटवर. क्रेटन क्रिकेटही उत्तम खेळायचा, त्यामुळे ते खपलंही.

1864 पासून पिचरचे वाईट, म्हणजे मारता न येण्याजोगे, बॉल मोजले जाऊ लागले, 1872 मध्ये मनगटाचा झटका नियमात बसला. त्याआधीच, 1869 मध्ये, सिनसिनाटी शहरातल्या क्लबने अख्खा संघ उघडपणे पगारावर ठेवला होता. त्या संघाचा पिचर एसा ब्रेनार्ड, एक्सेलसियरमधला क्रेटनचाच सोबती.