हुकलेल्या फोटोंची वही

(दृश्य : म्हात्रे पुलाजवळच्या डीपी रस्त्यावरील एक लॉन, सकाळची वेळ. मंडपात खुर्च्या मांडल्या जात आहेत.)

मंगलाष्टकांचे शेवटचे कडवे सुरू झाले की माझ्या हाताशी जेमतेम वीस सेकंद उरतात. अंतरपाटाच्या एका बाजूला वर, दुसऱ्या बाजूला वधू, तिच्या पाठीशी मामा, दोन्हीकडे करवल्या आणि समोर मुठीत अक्षता धरून उभी असलेली पाच-सहाशे माणसे. शेवटच्या ‘सावधान’बरोबर गुरुजी अंतरपाट ओढून घेतात, चारी बाजूंनी अक्षता येऊ लागतात आणि त्या दोघांची नजरानजर होते. हार पुन्हा घालायला सांगता येतात, सप्तपदीत सात पावले मिळतात, पण ही नजर एकदाच मिळते. पुण्यात गेली अठरा वर्षे लग्नांची आणि रंगमंचाची छायाचित्रे काढून मी घर चालवते, आणि कॅमेरा नेमका कधी बदलावा, हा प्रश्न सोडवताना मी पुन्हा पुन्हा याच वीस सेकंदांपाशी येऊन थांबले.

२०२४ च्या लग्नसराईत माझ्या मुख्य कॅमेऱ्याच्या फोटोंवर वरच्या कडेला काळपट पट्टा उमटू लागला. शटर, म्हणजे प्रकाश आत सोडणारा पडदा, सावकाश असेल तेव्हा फोटो स्वच्छ येई, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वेग नेला की पट्टा दिसे. दुसरी बॉडी, म्हणजे दुसरा कॅमेरा, खांद्याला होती, म्हणून ते लग्न निभावले. दुसऱ्या दिवशी मी तो कॅमेरा घेऊन बुधवार पेठेत, एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालच्या खोलीत गेले. तिथे बसणारे काका मी शिकाऊ होते तेव्हापासून माझे कॅमेरे उघडत आले आहेत.

(दृश्य : टेबलावरचा दिवा, उघडलेला कॅमेरा, चिमटा. शटरच्या पात्यांवर जवळून कॅमेरा.)

काकांनी कॅमेऱ्याच्या आतला आरसा वर धरला आणि चिमट्याच्या टोकाने शटरचा पडदा दाखवला. एकमेकींवर सरकणाऱ्या, कागदाहून फार जाड नसलेल्या त्या काळ्या पात्या. त्यातल्या एका पातीची कड घासून चकचकीत झाली होती. वेग वाढला की ती मागे राहत होती आणि तिचीच सावली फोटोवर पडत होती. काका म्हणाले, “ताई, पडदा थकलाय. बाकी सगळं ठणठणीत आहे. शटर बदललं की अजून बरीच वर्षं काढाल.” कॅमेऱ्यावर तोवर एक लाख नव्वद हजार क्लिक झाले होते. त्याच्या शटरला कंपनीने सांगितलेला आकडा दीड लाखाचा होता, पण तो आकडा म्हणजे चाचणीवरून बांधलेला अंदाज असतो; त्या क्लिकनंतर कॅमेरा बंद पडतो, असा त्याचा अर्थ नसतो. एका लग्नात मुख्य बॉडीवर साधारण दीड हजार फोटो निघतात आणि वर्षाला पंचवीस लग्ने धरली, तर दीड लाखाचा टप्पा चार वर्षांत येतो. माझा कॅमेरा त्याहून अधिक टिकला, याचे कारण एवढेच की २०२० आणि २०२१ ही वर्षे लग्नांविनाच गेली.

त्या आठवड्यात मला भेटलेल्या जवळजवळ प्रत्येक सहकाऱ्याने एकच सल्ला दिला, की आता मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला नव्या पद्धतीचा कॅमेरा, घेऊन टाक. मी शटर बदलून घेतले. दुरुस्तीचा खर्च नव्या बॉडीच्या किमतीच्या दशांशाच्या आसपास होता आणि लग्नसराई अर्धी बाकी होती. पण मोठे कारण हे होते, की कॅमेरा मोडला म्हणजे तो अपुरा पडू लागला असे होत नाही. मोडलेला भाग बदलून मिळतो. माझा कॅमेरा माझ्या कामाला कुठे अपुरा पडतो, हे मात्र मला ठामपणे सांगता येत नव्हते, आणि ते सांगता येत नसताना दोन-तीन लाख रुपये गुंतवणे मला पटत नव्हते.

म्हणून मी एक वही घातली.

(दृश्य : लाल पुठ्ठ्याची शंभर पानी वही. हाताने आखलेले रकाने.)

प्रत्येक कार्यक्रमानंतर संगणकावर फोटो निवडताना, हुकलेला प्रत्येक महत्त्वाचा फोटो या वहीत लिहायचा. तारीख, प्रसंग, काय हुकले आणि का हुकले, एवढे चारच रकाने. चौथा रकाना भरताना प्रामाणिक राहावे लागते, आणि ते मला पहिल्या महिन्यात फार जड गेले. निम्म्याहून अधिक नोंदींपुढे ‘चूक माझी’ असेच लिहावे लागले. मी चुकीच्या जागी उभी होते, फ्लॅश चार्ज होण्याआधी बटण दाबले, कानपिळीच्या वेळी कार्ड बदलत बसले. यातली एकही नोंद नव्या कॅमेऱ्याने पुसली गेली नसती, आणि ती वही नसती तर याही चुका मी कॅमेऱ्याच्याच माथी मारल्या असत्या, याची मला खात्री आहे.

उरलेल्या नोंदींमध्ये दोन कारणे सतत येत राहिली. एक फोकसचे, दुसरे आवाजाचे.

फोकसचे आधी सांगते, कारण अंतरपाटाचा क्षण तिथेच अडत होता. माझा जुना कॅमेरा डीएसएलआर, म्हणजे आरसा असलेला. त्यात लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर आदळून वर दृश्यदर्शकाकडे जातो, आणि त्याचा थोडा भाग मागच्या छोट्या आरशाकडून खाली बसवलेल्या वेगळ्या फोकस-सेन्सरकडे वळतो. म्हणजे फोकस एका जागी मोजला जातो आणि फोटो दुसऱ्या जागी उमटतो. या दोन जागांमध्ये केसभर फरक पडला, तरी ८५ मिलिमीटरच्या लेन्सवर १.४ ॲपर्चरला, म्हणजे लेन्सचे तोंड मोठे उघडे असताना, डोळ्यांऐवजी कान स्पष्ट येतो. शिवाय फोकसचे बिंदू चौकटीच्या मध्यभागी दाटीने बसलेले असतात. वर आणि वधू चौकटीच्या दोन कडांना, मध्ये पडता अंतरपाट आणि हवेत अक्षता, अशा वेळी फोकस हवेतल्या तांदळाच्या दाण्यांवर बसतो. माझ्या वहीत अशी नोंद एकाच लग्नसराईत पाच वेळा आहे : ‘अक्षता स्पष्ट, चेहरे धूसर.’ त्यातल्या एका फोटोत वधूच्या मुंडावळ्यांसमोर तरंगणारा एकेक दाणा मोजता येतो, त्यावरचे कुंकू दिसते, आणि तिचे डोळे मात्र धुक्यात आहेत. तो फोटो मी अल्बममध्ये दिला नाही. तिच्या आईने विचारले, “ताई, मुहूर्ताचा फोटो आला ना हो नीट?” मी बाजूने घेतलेला दुसरा फोटो पुढे केला. तो चांगला होता, पण तो तो नव्हता.

मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नसतो. ज्या सेन्सरवर फोटो उमटतो, त्याच सेन्सरवर फोकस मोजला जातो, त्यामुळे दोन जागांतल्या फरकाचा प्रश्न उरत नाही. फोकसचे बिंदू जवळजवळ पूर्ण चौकटभर पसरलेले असतात आणि चेहरा व डोळा ओळखून त्यावर टिकून राहण्याचे काम कॅमेरा स्वतः करतो. ही सोय पहिल्या दिवसापासून इतकी पक्की नव्हती. सोनीने २०१३ मध्ये ‘ए७’ आणला, निकॉन आणि कॅनन २०१८ मध्ये झेड आणि आर या मालिका घेऊन पूर्णाकृती (फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या) मिररलेसमध्ये उतरले. पण झेड ६, झेड ७ आणि ईओएस आर या त्यांच्या पहिल्या कॅमेऱ्यांत कार्डाची जागा एकच होती. लग्नाचे काम करणाऱ्याला दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो साठवल्याशिवाय झोप लागत नाही, कारण एक कार्ड बिघडले तर तो मुहूर्त परत येणार नसतो. २०२० मध्ये कॅननचे आर५, आर६ आणि निकॉनचा झेड ६-२ आले तेव्हा कार्डाच्या दोन जागा मिळाल्या. तोवर थांबलेल्यांना मी मागासलेले म्हणणार नाही. त्यांनी आपले काम ओळखले होते.

दुसरे कारण आवाजाचे. शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या नाट्यगृहात पहिली रांग नटापासून चार पावलांवर असते. तिथे एखादा नट बोलता बोलता थांबतो आणि त्या शांततेवर सगळा प्रवेश उभा असतो. अशा वेळी आरशाचा खटका साऱ्या प्रेक्षकांना ऐकू जातो. बैठकीतल्या आलापाचेही तेच. मी वर्षानुवर्षे टाळ्यांच्या किंवा तबल्याच्या आडोशाने बटण दाबत आले, म्हणजेच शांत क्षणांचे फोटो मी काढलेच नाहीत. वहीत ही नोंद ‘काढता आला नाही’ अशी आहे, आणि पानामागून पाने तशीच आहे.

मग मी एका नाटकाच्या तालमीसाठी मिररलेस बॉडी दिवसाच्या भाड्याने आणली. इलेक्ट्रॉनिक शटरवर, म्हणजे पडदा न हलवता फोटो घेण्यावर, ठेवल्यावर कॅमेऱ्याने आवाजच केला नाही. नटी हातातले पत्र दुमडत होती, खोलीत पंख्याशिवाय कशाचाही आवाज नव्हता, आणि मी अकरा फोटो काढले. अठरा वर्षांत असा फोटो मला प्रथमच मिळाला. त्याच आठवड्यात तीच बॉडी मी एका संगीत समारंभाला नेली आणि तिथे एलईडी दिव्यांखाली प्रत्येक फोटोवर आडवे पट्टे आले. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि एलईडी दिवे डोळ्यांना न जाणवणाऱ्या वेगाने उघडमीट करत असतात, म्हणून काही ओळी उजळ आणि काही काळवंडलेल्या येतात. सगळा सेन्सर एका क्षणी वाचणारा सोनीचा ‘ए९ थ्री’ नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झाला, पण त्याची किंमत माझ्या कामाला झेपणारी नाही. तिथे साधे यांत्रिक शटर लावायचे, हे भाड्याच्या कॅमेऱ्यावर शिकले ते बरे झाले.

(दृश्य : कोरड्या कपाटातल्या लेन्स एकेक करून टेबलावर ठेवल्या जात आहेत.)

बॉडीची किंमत ही खर्चाची केवळ सुरुवात असते, हे ग्राहकाला दिसत नाही आणि नव्या छायाचित्रकारालाही पुष्कळदा उशिरा कळते. माउंट म्हणजे बॉडीवर लेन्स बसवण्याची जागा; निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा, कॅननचा ईएफ १९८७ पासूनचा. आरशाला जागा हवी म्हणून एफ माउंटमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्यात ४६.५ मिलिमीटरचे अंतर ठेवलेले आहे; आरसा गेल्यावर झेड माउंटमध्ये ते १६ मिलिमीटरवर आले. म्हणूनच जुनी लेन्स अडॅप्टर लावून नव्या बॉडीवर बसते, अडॅप्टर फक्त मधली पोकळी भरून काढतो. मात्र प्रत्येक लेन्स आपल्या सगळ्या सवयींसह येत नाही. निकॉनच्या ज्या जुन्या लेन्स बॉडीतल्या मोटरवर फिरत, त्यांना एफटीझेड अडॅप्टरवर स्वयंचलित फोकस मिळत नाही, कारण त्या अडॅप्टरमध्ये मोटर नाही. आपल्या कपाटातली कोणती लेन्स कोणत्या अडॅप्टरवर काय करते, हे दुकानात जाऊन, स्वतः लावून पाहावे, असे मी प्रत्येकाला सांगते.

लेन्सनंतर बॅटऱ्या येतात. दृश्यदर्शकातला पडदा सतत चालू असल्याने मिररलेसची बॅटरी लवकर संपते. जिथे मला दोन बॅटऱ्या पुरत, तिथे आता पाच लागतात. मग वेगवान कार्डे, मोठ्या फाइलींसाठी डिस्क, आणि त्या फाइली उघडताना दमणारा संगणक. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी असतो. माझी नोंदणी असल्याने तो मला माझ्या करातून वळता करता येतो, पण ज्याची नोंदणी नाही त्याच्यासाठी तो खर्चच आहे. जुन्या बॉडीला बाजारात मिळणारी किंमत ऐकून मी ती विकण्याचा विचार सोडला. नव्या लेन्स न धरता मी हा सगळा हिशेब मांडला, त्याला पहिल्या दोन वर्षांच्या कामाने भागले, आणि कर्जाचा हप्ता मला घ्यायचा नव्हता, म्हणून बॉडी एकच घ्यायची ठरली.

आता वेळेचा प्रश्न. निकॉन आणि कॅनन यांनी २०२० नंतर व्यावसायिक वर्गातला नवा डीएसएलआर आणलेला नाही, तेव्हा कधीतरी बदलावे लागणार, हे उघड होते. पण नवा कॅमेरा जाहीर होतो ती तारीख जपानची असते आणि माझे वर्ष पंचांगावर चालते. तुळशीच्या लग्नापासून जेठापर्यंत माझ्या हाताला उसंत नसते, आणि भर लग्नसराईत हातात नवे यंत्र घेणे हा मी स्वतःच्या कामाशी केलेला अन्याय समजते. बोटांना जुन्या बटणांची सवय असते; डोळा दृश्याकडे आणि बोट आपोआप चाकावर, ही सवय नव्या बॉडीवर बसायला मला दोन-तीन महिने लागतात. चातुर्मासात मुहूर्त नसतात. २०२५ ची आषाढी एकादशी ६ जुलैला होती. त्याच आठवड्यात मी बॉडी घरी आणली.

श्रावणात रोज सकाळी तिला घेऊन मंडईत गेले. गणेशोत्सवात लक्ष्मी रस्त्यावर ढोलपथकांच्या गर्दीत, पावसात, गुलाल उडत असताना फोकस कुठे टिकतो आणि कुठे भरकटतो ते पाहिले. गुलाल उडाल्यावर तो एकदाच भरकटला. मग दिवाळीपर्यंत जुनी बॉडी उजव्या आणि नवी डाव्या खांद्याला, आणि नंतर उलट.

(दृश्य : वहीचे नवे पान. वर लिहिलेले : कार्तिक, पहिले लग्न.)

त्या लग्नात शेवटचे ‘सावधान’ झाले, अंतरपाट गेला, अक्षता आल्या. वर आणि वधू दोन कडांना होते. दोघांचेही डोळे स्पष्ट आले आहेत, आणि दोघांमधल्या हवेत तांदळाचे दाणे धूसर आहेत.

नव्या पानावरची पहिली नोंद तरीही आहे. ‘संध्याकाळ, रिसेप्शन, एलईडी भिंतीसमोर आजीने नवऱ्या मुलीची दृष्ट काढली. चारही फोटोंवर पट्टे. शटर सकाळच्या विधीसाठी इलेक्ट्रॉनिकवर ठेवले होते, बदलायचे राहिले. चूक माझी.’