अडीच-तीन मिलिमीटरची फळी

[वागळे इस्टेट. गाळ्याचं शटर वर जातं.]

ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधला हा गाळा. शेजारी लेथ सुरू आहे आणि इथे गिटारचं काम करणारे दादा फळीवर बोटाच्या पेराने टकटक करत कान लावून बसलेत.

ही फळी स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची. गिटारचा टॉप, म्हणजे तारांखालची पुढची फळी. तार नुसती ताणून छेडली तर पलीकडच्या खुर्चीपर्यंतही धड ऐकू येत नाही. तिची थरथर ब्रिजमधून, म्हणजे तारा अडकवलेल्या पट्टीतून, या फळीत उतरते, फळी हवा हलवते, मग कुठे आवाज भरतो.

[रंधा. भुगा. कॅलिपर.]

रंध्याचा हात बघा. फळी अडीच-तीन मिलिमीटरवर आणायची. जाड राहिली तर आवाज दबतो. फार पातळ झाली तर स्टीलच्या सहा तारांचा मिळून ७० किलोच्या आसपासचा ताण तिला ब्रिजपाशी फुगवतो. म्हणून आतून पट्ट्या, म्हणजे ब्रेस. फुलीच्या आकाराची ही मांडणी अमेरिकेत १८४०च्या दशकात रुजली. तेव्हा तारा आतड्याच्या होत्या. पुढे स्टीलच्या तारांचा ताण पेलायला हीच फुली कामी आली. दादा पटाशीने ब्रेसची टोकं निमुळती करतात, पुन्हा टकटक, पुन्हा एक कपची. याला माप नाही, कानच लागतो.

[गिटारची पाठ.]

दुकानात मात्र गिऱ्हाईक गिटार उलटी करून विचारतं, "शिसव आहे का?" शिसव देखणं, वादच नाही. पण स्पेनच्या अंतोनियो दे तोरेसने १८६२ मध्ये पाठ आणि कडा चक्क पुठ्ठ्याच्या करून गिटार बांधली, टॉप तेवढा लाकडाचा. अलीकडे इंग्लंडमध्ये पाठीचं लाकूड वेगळं असलेल्या सहा गिटार ५२ वादकांना दिल्या, लाकूड दिसू नये अशी सोय करून. आवाजाच्या पसंतीत फारसा फरक पडला नाही. पैसे मोजायचे तर टॉपसाठी मोजा, आणि तो प्लायचा आहे की अख्ख्या लाकडाचा, हे आधी विचारा.

या गिटारचा जुना टॉप प्लायचा होता. पावसाळ्यात त्याचे पदर सुटले, म्हणून ही नवी फळी.

[कळव्याचा विद्यार्थी गिटार मांडीवर घेतो.]

ऐका. आवाजातली वरची चमक नव्या तारांची आहे, ती काही दिवसांत उतरेल. खालचा भरीवपणा टॉपचा आणि पोटातल्या हवेचा.