अंतरपाट निघायच्या आधीची दहा मिनिटं

नमस्कार मंडळी.

तुळशीचं लग्न झालं की आपल्याकडे गोव्यात लग्नांची घाई सुरू होते, आणि फोंड्याच्या बाजूला तर देवळांच्या हॉलांमध्ये सकाळी एक लग्न आणि संध्याकाळी दुसरं. आता लग्न म्हटलं की कॅमेरे आलेच. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. शूट करणारी मुलं वेगळी, त्यांची कार्डं आणि हार्ड डिस्क माझ्याकडे येतात, म्हणजे मांडवात झालेली प्रत्येक चूक शेवटी माझ्या स्क्रीनवर येते. तर आज त्या चुकांबद्दल बोलायचंय, मुख्य म्हणजे जी मुलंमुली नुकती या कामात आलीयत त्यांच्यासाठी, पण ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांनीही ऐकावं, कारण यातल्या निम्म्या गोष्टी घरच्यांनी वेळेवर सांगितल्या तर टळतात.

कसंय, लग्नात रीटेक नाही. हे सगळेच म्हणतात. पण त्याचा अर्थ नवीन मुलं असा घेतात की त्या क्षणाला आपण सावध राहायला पाहिजे, हात स्थिर पाहिजे, फोकस पाहिजे. इतकी वर्षं रॉ फुटेज बघून माझं मत वेगळं झालंय. चूक जिथे दिसते तिथे ती झालेलीच नसते, ती त्याच्या आधीच्या दहा-पंधरा मिनिटांत झालेली असते, आणि ती कुठे झाली हे कळायला रॉ फुटेज, म्हणजे न कापलेलं सगळं मूळ शूटिंग, बसून बघण्याशिवाय दुसरा मार्ग नाही.

एक उदाहरण सांगतो. देवळाच्या हॉलातलं लग्न, मुहूर्त १२ वाजून २१ मिनिटांचा. दोन कॅमेरे, एक गिंबलवर, म्हणजे चालताना कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या हातातल्या दांड्यावर, एक ट्रायपॉडवर. आणि अंतरपाट निघतानाचा शॉटच नाही. गिंबलवाल्याची क्लिप मध्येच तुटते आणि पुढची सुरू होते तेव्हा दोघांच्या गळ्यात हार पडलेले, केसांत अक्षता अडकलेल्या, पाहुणे जेवणाच्या रांगेकडे वळलेले. ट्रायपॉडचा कॅमेरा चालू होता, पण ऐन वेळी मामा-काका मंडळी मोबाईल वर करून पुढे उभी राहिली, त्यामुळे त्यात फक्त पाठी आणि हात. गिंबलवाला मुलगा म्हणाला बॅटरी संपली, नशीब खराब. मी सगळ्या क्लिप्स वेळेप्रमाणे लावल्या आणि त्याला शेजारी बसवून दाखवल्या. १२ वाजून ८ मिनिटांनी तो समया आणि फुलांची तोरणं घेतोय, हळूहळू, सुंदर घेतोय. मग नवऱ्याचे जोडे. मग रांगोळी. मग परत तोरणं, तीच, दुसऱ्या बाजूने. गिंबलवर कॅमेरा असला की बऱ्याच वेळा बॅटरीचं झाकण खालच्या प्लेटखाली जातं, म्हणजे बॅटरी बदलायची तर कॅमेरा काढा, परत चढवा, परत बॅलन्स करा, दोन-तीन मिनिटं सहज जातात, आणि हे त्याला माहीत होतं. तरी ती दोन-तीन मिनिटं त्याने तोरणांना दिली. चूक १२:२१ ला झाली नव्हती, १२:०८ ला झाली होती.

आणि बघा, अख्ख्या लग्नात हा एकच क्षण असा आहे की ज्याचं मिनिट आमंत्रणपत्रिकेवर छापलेलं असतं. भटजी त्या मिनिटाला धरूनच मंगलाष्टकं लांबवतात किंवा आवरतात, वेळ उरली तर आत्या-मावश्यांना म्हणायला सांगतात, आणि "तदेव लग्नं" सुरू झालं की समजायचं अंतरपाट आता निघणार. इतकी स्पष्ट सूचना दुसऱ्या कुठल्या कामात मिळते सांगा. म्हणून पत्रिका खिशात ठेवा, मुहूर्ताच्या पंधरा मिनिटं आधी बॅटरी आणि कार्ड दोन्ही बदला, जुनी अर्धी भरलेली असली तरी बदला, आणि दुसरा कॅमेरा पाहुण्यांच्या डोक्यांच्या वर राहील असा स्टेजच्या कडेला उंच लावा.

भटजींशी बोला. सकाळी, सगळं सुरू व्हायच्या आधी, पाया पडून दोन मिनिटं मागा. कन्यादान कुठे बसून होणार, लाजाहोमाला भाऊ कुठल्या बाजूने येणार, सप्तपदी होमाभोवती की सरळ रेषेत तांदळाच्या राशींवर, हे घराघराप्रमाणे आणि भटजींप्रमाणे बदलतं. विचारलेलं भटजींना आवडतं, असा माझा अनुभव आहे, मग ते स्वतःच सांगतात की इकडे ये, आता इथून दिसेल.

चर्चमधल्या लग्नालाही तेच. पाद्रींना आदल्या दिवशी भेटा, कॅमेरा कुठवर आणायची परवानगी आहे ते विचारा, काही ठिकाणी आल्तारजवळ जाऊ देत नाहीत आणि ते बरोबरच आहे, ती प्रार्थनेची जागा आहे. मग लांबची लेन्स न्या. तिथे आणखी एक अडचण सतत दिसते, नवरीचा पांढरा ड्रेस आणि नवऱ्याचा काळा सूट शेजारी शेजारी, कॅमेरा ऑटोवर टाकला की तो काळ्याला उजळ करायला जातो आणि ड्रेसवरची सगळी लेस, सगळं भरतकाम उडून नुसता पांढरा डाग उरतो. अंधारात गेलेला सूट मला एडिटमध्ये थोडाफार वर आणता येतो, पण उडालेला पांढरा परत येत नाही. एक्स्पोजर, म्हणजे उजेडाचं प्रमाण, ड्रेसला धरून ठेवा, आणि झेब्रा, म्हणजे जास्त उजळलेल्या जागी स्क्रीनवर दिसणारे तिरके पट्टे, चालू ठेवा. आपल्या जरीच्या शालूलाही दुपारच्या उन्हात हाच नियम.

आता आवाज. रेडिओवर बोलतोय म्हणून नाही म्हणत, पण सगळ्यात जास्त नुकसान मी आवाजात बघितलंय. चित्र थोडं हललं तर घरचे चालवून घेतात. आजोबांनी स्वतःच्या आवाजात म्हटलेलं मंगलाष्टक जनरेटरच्या घरघरीत बुडालं तर त्याला उपाय नाही, आणि कधी कधी आजोबांचा तेवढाच आवाज मागे राहतो. हे मी बघितलंय, पाच वर्षांनी लोक फोन करून विचारतात की त्या लग्नातला बाबांचा आवाज वेगळा काढून मिळेल का.

सगळ्यात जास्त दिसणारी गोष्ट म्हणजे साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर घेऊन ती थेट कॅमेऱ्याच्या माईकच्या भोकात घालणं. मिक्सरमधून येतो तो लाइन लेव्हलचा आवाज, माईकपेक्षा कितीतरी जोरदार, कॅमेरा माईकची अपेक्षा धरून बसलेला असतो, त्यामुळे सगळा आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. सेटिंगमध्ये लाइन निवडा, नाहीतर वेगळा रेकॉर्डर ठेवा, ऑटो लेव्हल बंद करा आणि मोठ्या आवाजालाही स्क्रीनवरचा आवाजाचा काटा उणे बारा डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. दुसरं, नवऱ्याला लावलेला कॉलर माईक. सकाळी टेस्ट करताना छान येतो, मग वर शेला येतो, मुंडावळ्या येतात, हार येतो, आणि तासभर नुसती खरखर. टेस्ट हार घातल्यासारखी करा, एखादी शाल वरून पांघरा आणि त्याला हलायला सांगा. आणि हेडफोन लावा हो. फक्त काट्यावर विश्वास ठेवू नका, खरखरीलाही काटा हलतो.

लाइटचं थोडक्यात सांगतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं तर सहसा ठीक, १/६० किंवा १/१२५ वर गेलात की चित्रात काळे पट्टे सरकायला लागतात. स्लो मोशनला सेकंदाला ५० फ्रेम्स घ्या, शटर १/१००. आणि दोन कॅमेरे असतील तर दोन्हीचं घड्याळ आणि फ्रेम रेट सकाळीच जुळवा, एक २५ वर आणि एक ३० वर असं फुटेज येतं तेव्हा जोडताना हालचाल झटके खाते. स्टेजवरच्या रंगीत एलईडीचं मात्र काही सांगता येत नाही, तिथे जाऊन, शटर फिरवून, स्क्रीनवर बघूनच ठरवायचं.

समुद्रकाठच्या लग्नांत, मोरजी-मांद्रेकडे, एसी खोलीत नवरीची तयारी शूट करून थेट बाहेर पळतात आणि लेन्सवर वाफ धरते. कापडाने पुसली तर परत धरते. कॅमेरा बॅगेत बंद करून पंधरा-वीस मिनिटं आधी बाहेर आणून ठेवा, म्हणजे तो हळूहळू बाहेरच्या हवेला येतो. शिवाय उघड्यावरचे स्पीकर रात्री १० ला बंद होतात, तेव्हा नाचगाणं त्याआधी उरकणार हे धरून जेवा, नऊला ताट वाढून घेऊ नका.

ड्रोनबद्दल एवढंच की २०२१ चे ड्रोन नियम वाचा आणि सरकारच्या डिजिटल स्काय साइटवरचा नकाशा त्या त्या जागेसाठी उघडून बघा, त्यात कुठे उडवता येतं ते रंगांनी दाखवलेलं असतं. आपल्याकडे दाबोळीला नौदलाचा तळ आहे, मोपाला विमानतळ आहे, नवरीच्या बापाने कितीही आग्रह केला तरी लाल भागात परवानगीशिवाय उडवायचं नाही. आणि मंगलाष्टकं चालू असताना तर हिरव्या भागातही उडवू नका, तो आवाज सगळ्यांवर बसतो.

एक आपल्या गोव्याची गोष्ट. इथे लग्नाची नोंदणी म्हणजे रजिस्ट्रारकडच्या सह्या, दोनदा जावं लागतं, आणि ते कोणी शूट करत नाही. कायद्याने तोच लग्नाचा पाया आहे. बाहेरच्या पायऱ्यांवर दोन्ही घरं पहिल्यांदा निवांत गप्पा मारताना दिसतात, साध्या कपड्यात, मेकअपशिवाय. आत शूटिंगची परवानगी विचारा, नाही म्हणाले तर बाहेरचंच घ्या. मला एडिट करायला हे फुटेज फार आवडतं.

तर शिकायचं कसं. शूट झालं की दोन दिवसांत, हायलाइट, म्हणजे निवडक क्षणांचा छोटा व्हिडिओ, कापायच्या आधी, सगळं रॉ फुटेज सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आवाज चालू ठेवून बघा, फास्ट फॉरवर्ड न करता, आणि शक्यतो आपल्या टीमबरोबर. जिथे काही हुकलंय तिथे थांबा आणि तिथून दहा मिनिटं मागे जा. तेव्हा मी काय करत होतो, कुठे उभा होतो, कोणाशी बोलायचं राहिलं होतं. हे तीन-चार लग्नांचं केलंत तर कळेल की आपण वेगवेगळ्या चुका करत नाही, एकच चूक वेगवेगळ्या मांडवांत करतो. कोणी तोरणांत रमतो, कोणाचे पाय एकाच जागी चिकटतात, कोणी नवरीच्या चेहऱ्यावरून हलतच नाही आणि रडणारा बाप मागे राहून जातो. खराब क्लिप्स कार्डावरच डिलीट करायची काहींना सवय असते, ती सोडा. तुमचं शिकणं त्याच क्लिप्समध्ये आहे, आणि त्यातला आवाज मला दुसऱ्या शॉटखाली वापरताही येतो. दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी झाल्याशिवाय आणि त्या उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

आणि महत्त्वाचा शॉट गेलाच, तर घरच्यांना त्याच संध्याकाळी सांगा. महिन्याने व्हिडिओ देताना नाही. त्याच संध्याकाळी सांगितलं तर उपाय असतो, कारण जे मामा-काका मोबाईल घेऊन पुढे उभे होते त्यांच्याकडे तो शॉट आहे. नवरीच्या भावाला सोबत घ्या, एकेकाकडे जा, नम्रपणे मागा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर केबलने कॉपी करून घ्या. ते तेरा मिनिटं आधी तोरणं घेत बसलेल्या मुलाचं लग्नाचं फुटेज मी शेवटी असंच पुरं केलं, नवरीच्या मावशीने स्टेजच्या कोपऱ्यातून उभा मोबाईल धरून घेतलं होतं, थोडं हललेलं, पण अंतरपाट खाली येताना नवरी वर बघते ते त्यात स्वच्छ दिसतं.