घशातला मेलानोमा

सोलापूरचा पूर्व भाग, विडी आणि यंत्रमाग कामगारांची वस्ती. सुपात तंबाखू, हातात कात्री, मापानं कापलेलं तेंदूचं पान. इथं कुणाचा आवाज महिनाभर बसला, थुंकीत रक्त दिसलं, की घरच्यांचा पहिला संशय तंबाखूवर. तो बहुतेकदा खराही ठरतो. याच जिल्ह्यात बार्शीला १९८७ साली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. कॅन्सर जिल्ह्याला नवा नाही. नवखा आहे तो घशातला मेलानोमा.

घशात दुर्बीण उतरते. पडद्यावर काळपट-निळसर गाठ. मेलानोमा? तो तर कातडीचा, उन्हानं होणारा कॅन्सर ना? पण रंग बनवणाऱ्या मेलानोसाइट पेशी काही प्रमाणात नाका-तोंडाच्या, घशाच्या ओल्या अस्तरातही असतात. तिथं ऊन पोचत नाही, आणि या आजाराचं खापर तंबाखूवरही ठामपणे फोडता येत नाही. अस्तरातले असे मेलानोमा एकूण मेलानोमांच्या साधारण १ टक्का. डोक्या-मानेत ते जास्त करून नाक, सायनस आणि तोंडात. घशात फारच क्वचित.

खरी पंचाईत पुढे. काही गाठींना रंगच नसतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्या लिम्फोमासारख्या (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरसारख्या), नाहीतर भलत्याच कॅन्सरसारख्या दिसतात. मग गाठीच्या काढलेल्या तुकड्यावर (बायोप्सीवर) एस-१००, एचएमबी-४५, मेलान-ए, सॉक्स-१० असे पेशींची जात ओळखणारे मार्कर लावावे लागतात. रिपोर्टला वेळ लागतो, नातेवाईक वैतागतात. तरी थांबावंच, कारण निदान बदललं की उपचारही बदलतात. दरम्यान डॉक्टर चप्पल काढायला सांगून तळपाय आणि नखं न्याहाळतात. घशाच्या डॉक्टरला पायाचं काय, असं वाटेल; पण आपल्याकडे कातडीचा मेलानोमा तळपायावर बऱ्याचदा सापडतो, आणि घशातली गाठ तिथून पसरलेलीही असू शकते.

कॅन्सरची गाठ किती वाढली, ते एरवी टी-१ ते टी-४ असं मोजतात. या आजारात टी-१, टी-२ नाहीतच. मोजणी टी-३पासून सुरू. गाठ निघण्यासारखी असेल तर आधी शस्त्रक्रिया, मग बहुतेकांना शेक, म्हणजे रेडिएशन. शेकानं त्या जागी गाठ परतण्याचं प्रमाण घटतं, लांब पसरणं मात्र थांबत नाही. त्यासाठी निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं. ज्या शोधातून ही औषधं आली, त्याला २०१८चं नोबेल मिळालं. कातडीच्या मेलानोमाइतका गुण अस्तरातल्या मेलानोमात येत नाही, आणि खर्च तर यंत्रमाग कामगाराच्या आवाक्याबाहेरचा.

मोजक्या रुग्णांत ‘किट’ जनुकात बदल असतो. त्यातल्या काहींना इमॅटिनिब लागू पडतं: रक्ताच्या एका कॅन्सरसाठी वर्षानुवर्षं दिली जाणारी, जेनेरिकमध्ये बरीच स्वस्त मिळणारी गोळी. म्हणून तुकडा तपासायला गेला की ‘किट’ची चाचणी सांगितली आहे का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावं.