गल्ली आधी मोजा

(पार्ल्यात जुन्या बंगल्यांच्या मालकांपुढे एका वास्तुविशारद बाईंनी केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

उद्या सकाळी दूध आणायला निघाल तेव्हा खिशात टेप ठेवा. बंगल्याकडे पाठ करा आणि गल्ली मोजा, तुमच्या कुंपणापासून समोरच्याच्या कुंपणापर्यंत. माझ्याकडे येणारा प्रत्येकजण प्लॉटचं माप घेऊन येतो. "आमचे पाचशे वार आहेत, किती मजले बसतील?" पाचशे वार म्हणजे ४१८ चौरस मीटर, छान आहे. पण मजल्यांचा निकाल गल्लीत लागतो.

मुंबईची २०१८ पासूनची नियमावली उपनगरांत मूळ एफएसआय १ देते, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या एक पट बांधकाम. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर गाडी तिथेच थांबते. ९ मीटर भरला तर अर्धा एफएसआय प्रीमियमचं शुल्क भरून, अर्धा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकामाचा हक्क, विकत घेऊन, असे २ होतात. रस्ता अजून रुंद असेल तर अजून थोडं. या सगळ्यावर ३५ टक्के फंजिबल म्हणजे जादा बांधकाम, तेही बहुतेक वेळा पैसे मोजून. आता पाचशे वारांचा हिशेब करा. अरुंद गल्लीत ५६४ चौरस मीटर बांधकाम, तीस फुटी गल्लीत ११२८. प्लॉट तोच, आंबा तोच, आजोबाही तेच. फरक फक्त कुंपणाबाहेरचा.

टेपवर मात्र विसंबू नका. पालिकेकडून डीपी रिमार्क काढा, म्हणजे विकास आराखड्यात तुमच्या प्लॉटवर काय दाखवलंय त्याचा कागद. आपल्या भागात नगररचना योजना, म्हणजे टीपी स्कीमही असते, तिचाही रिमार्क लागतो. कागदावरचा रस्ता आणि डांबराचा रस्ता यांची भेट झालेली असेलच असं नाही. कागदावर तो रुंद असेल तर तुमच्या अंगणाची एक पट्टी सेटबॅकमध्ये, म्हणजे रस्तारुंदीत, जाईल. तिचा एफएसआय हिशेबात मिळतो, पण पट्टी गेली ती गेली, आणि तगर नेमकी तिथेच असते.

आमच्या आजोबांचा प्लॉटही पाचशे वारांचाच, पण घरापुढची गल्ली बावीस फुटी. त्यामुळे बिल्डरांनी चहा घेतला, अंगण बघितलं आणि परत कोणी फोन केला नाही. पाचशे चौसष्ट मीटरमध्ये आम्हाला द्यायचं काय आणि त्यांनी विकायचं काय? शेवटी बाबा, काका आणि आत्या यांनी स्वतःच बांधायचं ठरवलं. स्टिल्ट, म्हणजे खांबांवरचा गाड्यांसाठीचा मोकळा तळ, आणि वर चार मजले, मजल्यावर दोन घरं, एकूण आठ. तिघांना दोन-दोन, उरलेली दोन विकून खर्च भागवायचा. भागला, कसाबसा.

आठ हा आकडा का, हे सांगते. कमीत कमी किती घरं हवीत, तर पाच. गृहनिर्माण संस्था पाच जणांची होऊ शकते. २०१९ च्या दुरुस्तीआधी दहा जण लागायचे. १९७० च्या अपार्टमेंट कायद्यालाही निदान पाच सदनिका लागतात. चारच घरं बांधलीत तर ना सोसायटी ना अपार्टमेंट, जन्मभर सहमालक. भावंडांचं सख्य कितीही असलं तरी पुढच्या पिढीला ते वारशाने मिळत नाही. वरची बाजू बघा. प्लॉट ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा घरं आठपर्यंत असतील, तर रेराची, म्हणजे घरखरेदीदारांना संरक्षण देणाऱ्या कायद्याची, नोंदणी लागत नाही. लोकांना हे ऐकून आनंद होतो. मला होत नाही. नोंदणी नाही म्हणजे खरेदीदारांचे ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचं बंधनही नाही. तुम्ही बिल्डरला प्लॉट देणार असाल तर हे कलम करारात स्वतः लिहून घ्या. आम्ही विकणारे होतो, तरी ते खातं उघडलं. विकत घेणाऱ्या बाईंनी पहिल्या भेटीत तेच विचारलं होतं, आणि त्यांचं बरोबर होतं.

आता गाड्या. लहान इमारतीचा जीव खरा इथे अडकतो. नियम असा की कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ, ४५ चौरस मीटरपर्यंत असेल तर चार घरांमागे एक गाडी, ४५ ते ६० ला दोन घरांमागे एक, ६० ते ९० ला घरटी एक, त्याच्या वर घरटी दोन. माझ्या पहिल्या नकाशात प्रत्येक घर ६२ मीटरचं होतं. म्हणजे आठ गाड्या, आणि मोठ्या गाडीची जागा अडीच मीटर बाय साडेपाच. स्टिल्टखाली त्या मावेनात. मागच्या अंगणात सरकवल्या तर मध्ये विहीर. दगडी काठाची, सत्तर वर्षांची, मे महिन्यातही पाणी असलेली. बुजवा, असं सगळेच म्हणाले. मीही म्हणाले, खोटं कशाला सांगू.

मग एका रात्री सगळी घरं साडेएकोणसाठ मीटरवर आणून बघितली. आठाच्या चार गाड्या झाल्या. घरामागे अडीच मीटर कापले आणि विहीर वाचली.

फुकट नाही वाचली. भिंती धरून तेवीसेक चौरस मीटर एफएसआय वापरलाच गेला नाही, म्हणजे अडीचशे चौरस फूट. पार्ल्यात अडीचशे फुटांचं काय मोल असतं ते या सभागृहात सांगायला नको. काका पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आत्या बोलली, पण काय बोलली: "अगं, जेवणाचं टेबल भिंतीला टेकवायचं का आता?" टेकवावं लागलं. आणि नियमाने चार गाड्या म्हणजे प्रत्यक्षात चार असतात थोड्याच! दोन रात्री गल्लीत उभ्या असतात. आमच्या विहिरीची किंमत थोडी समोरच्यांनीही मोजली, हे मान्य.

कागदांचं थोडक्यात. मालमत्ता पत्रक आजच काढा. आमच्या पत्रकावर आजोबांच्या पश्चात बाबा आणि काका लागले होते, आत्याचं नावच नव्हतं. आजोबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. त्यांच्या स्वकष्टार्जित घरात मुलीचा वाटा १९५६ च्या कायद्यानेच होता, पण त्या वेळी कोणी विचारलं नाही आणि आत्यानेही काढलं नाही. नाव लागायला अकरा महिने गेले. त्या अकरा महिन्यांत सिमेंट काही स्वस्त झालं नाही. चूक कार्यालयाची नव्हती, आमच्या घरची होती. बिल्डरबरोबर संयुक्त विकास करणार असाल तर करार नोंदणीकृत करा. व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंब यांना भांडवली नफ्यावरचा कर तेव्हा पूर्णत्वाचा दाखला मिळेल त्या वर्षी लागतो, हे २०१७ पासून आहे. बारकावे सीएंना विचारा, मला नको.

आणि पालिकेचा पहिला कागद हातात आला की घाबरू नका. त्याचं नाव इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल. १८८८ च्या कायद्यातलं कलम ३४६. परवानगी म्हणून आपण ज्याची वाट बघतो त्यावर "नामंजुरीची सूचना" असं छापलेलं असतं, खाली अटींची रांग. बाबांनी तो वाचून मला कामावर फोन केला, "नाकारलं गं!" काम सुरू करायला यानंतर वेगळा दाखला लागतो, सीसी. राहायला जायला आणखी एक, ओसी. पार्ल्यात विमानतळामुळे उंचीचा ना हरकत दाखलाही. तुमची इमारत बुटकी आहे हे तुम्हाला माहीत असलं तरी ते कागदावर यावं लागतं. झाड तोडायचं असेल तर उद्यान खातं, आणि तिथला अर्ज सगळ्यात आधी टाका. आम्ही आंबा ठेवला, म्हणून ती एक फेरी वाचली.

तुमच्यापैकी कोणीतरी मघाशी बाहेर विचारत होतं, विहिरीचं पुढे काय झालं. तिच्यावर लोखंडी चौकट आणि बारीक जाळी आहे. कीटकनाशक खात्याचा माणूस येऊन जाळी हाताने ओढून बघतो, डास जाईल का म्हणून. पंप बसवलाय, गाड्या धुवायला आणि झाडांना तेच पाणी. काका रोज सकाळी जाळीचं झाकण उचलून आत डोकावतात. पाणी किती वर आलंय ते मला फोन करून सांगतात, मी विचारलेलं नसतं.